बिनपायांची धाव

इटलीच्या दक्षिण टोकाशी सिसिली नावाचं बेट आहे आणि त्या बेटावर मेसिना नावाचं बंदर. पोरांनो, आजची गोष्ट तिथं सुरू होते, १८८२ साली. इल्या मेचनिकॉफ नावाचे एक रशियन प्राणिशास्त्रज्ञ बायको आणि तिच्या धाकट्या भावंडांना घेऊन तिथं राहायला आले होते. ओडेसाच्या विद्यापीठातली नोकरी त्यांनी नुकतीच सोडली होती. प्रयोगशाळा नव्हती, म्हणून घरातच सूक्ष्मदर्शक मांडून ते समुद्रातले जीव बघत बसायचे. एके दिवशी घरातली सगळी मंडळी सर्कशीतली कसरत करणारी माकडं बघायला गेली. मेचनिकॉफ एकटेच मागे राहिले. सूक्ष्मदर्शकाखाली तारामाशाची अळी होती. ही अळी अगदी पारदर्शक असते, आत काय चाललंय ते बाहेरून दिसतं. तिच्या अंगात काही पेशी इकडून तिकडे सरकत होत्या. त्या बघता बघता त्यांच्या मनात आलं, ह्या फिरत्या पेशी अळीचं रक्षण तर करत नसतील?

ते उठले, बागेत गेले, गुलाबाचे काटे तोडून आणले आणि एकदोन अळ्यांच्या कातडीखाली खुपसले. त्या रात्री त्यांना झोप लागली नाही. पहाटे उठून बघतात तर काट्याभोवती पेशींची दाटी झालेली.

यात एवढं काय, असं वाटेल तुम्हाला. पण ह्या अळीच्या अंगात रक्तवाहिन्या नसतात. म्हणजे त्या पेशी कुठल्या प्रवाहानं वाहत येऊन काट्याला अडकल्या नव्हत्या. त्या स्वतःहून आल्या होत्या. पुवात दिसणाऱ्या पांढऱ्या पेशी जंतूंना अंगभर पसरवतात, असं त्या काळातले बरेच डॉक्टर मानत. मेचनिकॉफ म्हणाले, नेमकं उलट आहे. त्या जंतूंना खायला येतात. हे पटवण्यात त्यांचं आयुष्य गेलं. १९०८ साली पाउल अर्लिख यांच्याबरोबर त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं.

शाळेच्या पुस्तकात पांढऱ्या पेशी जंतूंना गिळतात हे ठळक अक्षरात असतं. त्या तिथं पोचतात कशा, यावर मात्र अर्धं वाक्य. मला विचाराल तर गिळणं त्या मानानं सोपं आहे. पोचणं अवघड. पाय नाहीत, पंख नाहीत, पोहायला शेपूट नाही, आणि वाटेत भिंत आहे. ती भिंत ओलांडण्याची गोष्ट मला सांगायची आहे.

टाचेत बाभळीचा काटा मोडला आणि टोक आत राहिलं, तर दुसऱ्या दिवशी काय होतं? जागा लाल होते, गरम लागते, सुजते आणि ठुसठुसते. सेल्सस नावाच्या रोमन लेखकानं ह्या चारही खुणा जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवल्या आहेत. डॉक्टर ह्याला दाह म्हणतात. काट्याजवळच्या बारीक वाहिन्या रुंदावतात, जास्त रक्त येतं, म्हणून लाली आणि ऊब. वाहिन्यांच्या भिंतीतून पाणी झिरपतं, म्हणून सूज. आणि त्याच भिंतीतून पांढऱ्या पेशी बाहेर पडू लागतात.

त्यांच्यातली सगळ्यात आधी येते ती न्यूट्रोफिल. मोठ्या माणसाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींपैकी साधारणपणे निम्म्याहून अधिक ह्याच असतात. हाडांच्या आतला मगज रोज सुमारे दहा हजार कोटी न्यूट्रोफिल तयार करतो. एकेक पेशी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढी. आयुष्य तासांत, फार तर थोड्या दिवसांत मोजावं इतकं. चाल मिनिटाला दहा-वीस मायक्रोमीटर, म्हणजे स्वतःच्या लांबीएवढी किंवा दुप्पट. एवढ्या चालीनं मांडीतून टाचेत जायचं म्हटलं तर तिचं आयुष्य संपेल. म्हणून लांबचा पल्ला ती रक्तातून वाहत काटते आणि चालते ती फक्त शेवटचा टप्पा. गोष्टीतलं सगळं नवल ह्या शेवटच्या टप्प्यात आहे.

पेशी वाहिनीतून बाहेर कशी पडते, हे डोळ्यांनी बघून बारकाईनं लिहिलं ते युलियस कोनहाइम यांनी, १८६७ साली, बर्लिनमध्ये. बेडकाच्या आतड्यांना धरून ठेवणारा पातळ पडदा त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पसरला आणि तासन्‌तास नजर लावून बसले. आधी पांढऱ्या पेशी बारीक शिरेच्या कडेला येऊन रेंगाळल्या. मग भिंतीला चिकटून त्यांची रांग लागली. मग भिंतीच्या बाहेरच्या अंगाला एक इवलंसं टेंगूळ दिसलं. ते वाढू लागलं, तसतसा आतला भाग लहान होत गेला. मधे एक अरुंद मान उरली. शेवटी तीही सुटली आणि अख्खी पेशी शिरेच्या बाहेर! शिरेला कुठं भोक पडलेलं नव्हतं, ती फुटलेली नव्हती. त्यांच्याआधीही एकदोघांनी असं काही पाहिलं होतं, पण पू हा रक्तातूनच येतो, ही गोष्ट पक्की झाली ती कोनहाइम यांच्यामुळे.

रेंगाळणं आणि चिकटणं, ह्या दोन पायऱ्या आता चांगल्या कळल्या आहेत. जखमेजवळच्या शिरेच्या आतल्या अस्तरावर सिलेक्टिन नावाची प्रथिनं उगवतात. वाहत जाणारी न्यूट्रोफिल त्यांना लागते, सुटते, पुन्हा लागते, आणि भिंतीवरून अडखळत घरंगळू लागते. मग तिच्या अंगावरची इंटिग्रिन नावाची प्रथिनं ताठ होतात आणि ती घट्ट धरते.

धरता आलंच नाही तर? काही मुलं जन्मतःच अशी असतात की त्यांच्या पांढऱ्या पेशींवर हे इंटिग्रिन नसतं, किंवा फार थोडं असतं. आजार फार दुर्मिळ आहे. त्याची पहिली खूण बहुतेकदा बेंबीपाशी दिसते. बाळाची नाळ एरवी आठ-पंधरा दिवसांत गळून पडते. ह्या बाळांची तीन-चार आठवडे झाले तरी पडत नाही आणि बेंबीला जंतुसंसर्ग होतो. रक्त तपासलं तर पांढऱ्या पेशी भरमसाट वाढलेल्या. जखमेत मात्र पू नाही! रक्तात एवढी गर्दी आणि जखमेत कुणी नाही, कारण वाहिनीतून उतरायला धरायला काही नाही. स्टेरॉईडची औषधं चालू असताना रक्त तपासलं की कित्येकदा न्यूट्रोफिल वाढलेल्या दिसतात, त्याचंही एक कारण ह्याच्या जवळचं आहे: भिंतीला टेकून असलेल्या पेशी सुटून प्रवाहात येतात आणि मोजणीत सापडतात.

आता माझी नात मधेच विचारते, "आबा, धरलं, ठीक आहे. पण ढकललं कुणी?"

ह्या प्रश्नाचं उत्तर एका वेगळ्याच वाटेनं आलं. दुसरं महायुद्ध चालू होतं. हंगेरीतल्या सेगेड गावात आल्बर्ट सेंट-ज्यॉर्जी स्नायू कसा आखडतो ते शोधत होते. क जीवनसत्त्वाच्या कामासाठी त्यांना १९३७ साली नोबेल मिळालेलं होतं, तरी आता सगळं सोडून ते स्नायूच्या मागं लागले होते. त्यांच्या सहकारी इलोना बांगा आणि ब्रुनो श्ट्राउब यांच्या हातून कळलं की स्नायूत दोन प्रथिनं जोडीनं काम करतात: मायोसिन आणि ॲक्टिन. दोन्ही मिसळून त्यांनी काचेवर एक बारीक तंतू ओढला आणि त्यावर उकळलेल्या स्नायूचा रस टाकला. तंतू आखडला. विचार करा पोरांनो, प्राणी नाही, पेशी नाही, बशीतलं नुसतं प्रथिन, आणि ते हललं! त्या रसात काम करणारा पदार्थ होता एटीपी, पेशीची शक्ती ज्यात साठते तो.

विहिरीतून पोहरा ओढताना आपण काय करतो? दोर धरतो, अंगाकडे ओढतो, एक हात सोडून पुढं धरतो, पुन्हा ओढतो. मायोसिनचं डोकं ॲक्टिनच्या दोराशी नेमकं हेच करतं. धरतं, वाकून ओढतं, सोडतं, पुढं धरतं. एका ओढीत दोर सरकतो जेमतेम पाच ते दहा नॅनोमीटर, आणि एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. दर ओढीला एटीपीचा एक रेणू खर्च होतो. गंमत अशी की डोकं दोर सोडतं तेव्हा त्याला एटीपी लागतो. माणूस गेल्यावर काही तासांत शरीर ताठ होतं ते ह्यामुळेच. एटीपी संपतो आणि कोट्यवधी डोकी दोर धरून तशीच राहतात. अशी शक्ती खर्चून ओढणारी किंवा वाहून नेणारी जी प्रथिनं असतात, त्यांना मोटर प्रथिनं म्हणतात.

बरीच वर्षं लोकांना वाटायचं, मायोसिन ही स्नायूची मालमत्ता. १९७३ साली अमेरिकेत थॉमस स्टॉसेल आणि थॉमस पोलार्ड यांनी पांढऱ्या पेशींतून मायोसिन वेगळं काढून दाखवलं. म्हणजे तुमच्या दंडात बेटकुळी आणणारं जे प्रथिन, त्याचंच भावंड ह्या बिनपायांच्या पेशीत आहे. त्याच वर्षी पोलार्ड यांनी एडवर्ड कॉर्न यांच्याबरोबर मातीत राहणाऱ्या अकँथामीबा ह्या एकपेशीय जिवातून आणखी एक मायोसिन शोधलं. ते विचित्र होतं. स्नायूतल्या मायोसिनला दोन डोकी असतात आणि त्यांच्या मोळ्या बांधल्या जातात. ह्याला एकच डोकं, आणि मोळी बांधणं त्याला जमत नाही. हे एकडोक्याचं मायोसिन लक्षात ठेवा, ते पुढं लागणार आहे.

न्यूट्रोफिल निघाली की तिला पुढची आणि मागची बाजू तयार होते. त्याआधी ती गोल असते. पुढच्या बाजूला ॲक्टिनचे तंतू वेगानं वाढतात. एकाला एक फाटे फुटत जातात आणि ते जाळं पेशीचं पातळ आवरण पुढं रेटतं. हे रेटणं मोटर करत नाही. तंतू नुसते लांब होतात आणि आवरणाला पुढं सरकावं लागतं. मागच्या बाजूला मायोसिनची पाळी. त्याचे सुमारे तीस-तीस रेणू एकत्र येऊन बारीक मोळ्या होतात, प्रत्येक मोळीच्या दोन्ही टोकांना डोकी, आणि ती दोन्हीकडचे दोर मधे ओढतात. पेशीचं मागचं अंग आवळतं, चिकटलेली जागा सुटते आणि आतलं सगळं पुढं सरकतं. मायोसिनला जागं करणारा संदेश औषध घालून तोडला की काय होतं ते प्रयोगात बघितलं आहे. पुढचं टोक पुढं जात राहतं, मागचं चिकटलेलं राहतं, आणि पेशीला लांबच लांब शेपूट येतं. ती मरत नाही, दिशाही विसरत नाही. फक्त तिला स्वतःचं मागचं अंग सोडवून घेता येत नाही.

पुढचं कुठलं आणि मागचं कुठलं हे ठरतं कसं? सॅन फ्रान्सिस्कोला हेन्री बोर्न यांच्या प्रयोगशाळेनं २००३ मध्ये दाखवलं की हे दोन संदेश एकमेकांना दाबतात. पुढचा संदेश जिथं जोर धरतो तिथं मायोसिनचा संदेश मावळतो, आणि मायोसिन जिथं आवळतं तिथं पुढचा संदेश टिकत नाही. पेशीत कुणी हुकूम सोडणारं नाही. ह्या दोघांच्या रेटारेटीतूनच तिला तोंड आणि पाठ मिळते.

आणि दिशा मिळते वासावरून. वास हा आपला शब्द. पेशी रसायन ओळखते. जिवाणू आपली प्रथिनं बनवायला सुरुवात करताना पहिला घटक थोडा वेगळा वापरतात, आपल्या पेशींतल्या नेहमीच्या प्रथिनांत तो नसतो. त्याचे तुकडे जिवाणूंकडून गळत राहतात आणि न्यूट्रोफिल ते हुंगते. सॅली झिगमंड यांनी १९७७ मध्ये मोजून दाखवलं की पेशीच्या एका टोकाला रसायन दुसऱ्या टोकापेक्षा अवघं एक टक्का जास्त असलं तरी तिला दिशा कळते. आपल्या पेशींत मायटोकॉन्ड्रिया असतात ना, शक्ती तयार करणारे? ते फार पूर्वी स्वतंत्र जिवाणू होते, आणि आपली थोडी प्रथिनं अजून त्याच जुन्या पद्धतीनं सुरू करतात. म्हणून नुसता जोराचा मार लागला, कातडी फाटली नाही, एकही जंतू आत गेला नाही, तरी फुटलेल्या पेशींतून ते तुकडे सांडतात आणि न्यूट्रोफिल धावत येतात.

जखमेची अशी हाक जिवंत अंगात दिसली ती एका माशामुळे. गंगेच्या खोऱ्यात एक छोटा पट्टेरी मासा असतो. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ मध्ये त्याचं पहिलं वर्णन केलं. आज झेब्राफिश ह्या नावानं तो जगभरच्या प्रयोगशाळांत आहे, कारण त्याचीही पिल्लं पारदर्शक असतात. २००९ मध्ये हार्वर्डच्या शास्त्रज्ञांनी त्याच्या पिल्लाच्या शेपटीच्या परावर बारीकशी जखम करून बघितलं. काही मिनिटांत जखमेच्या कडेला हायड्रोजन पेरॉक्साईड तयार झालं आणि दूरवर पसरलं. पांढऱ्या पेशी त्याच्या मागोमाग आल्या. मेचनिकॉफ यांच्या अळीपासून ह्या पिल्लापर्यंत सव्वाशे वर्षं गेली, आणि बघायची युक्ती तीच राहिली: आत दिसेल असा जीव शोधायचा.

आता भिंत. शिरेचं अस्तर म्हणजे एकमेकींना बिलगलेल्या चपट्या पेशी. त्यांच्या सांध्यातून न्यूट्रोफिलला निघायचंय. बाहेर पडलं की तंतूंचं दाट जाळं. पेशीचं अंग मऊ असतं, ते कुठूनही जातं. अडतं ते केंद्रक. पेशीच्या आतली ही सगळ्यात मोठी आणि सगळ्यात ताठ वस्तू. पेशीचं पुढचं टोक केव्हाच पलीकडे गेलेलं असतं, आणि केंद्रक सांध्यात अडकून बसलेलं. कोनहाइम यांना दिसलेली ती अरुंद मान आठवते? अवघड काम तिथं चालू होतं.

न्यूट्रोफिलचं केंद्रक म्हणूनच मुळात वेगळं घडलेलं दिसतं. इतर पेशींत ते गोल किंवा लंबगोल असतं. हिच्यात त्याचे तीन ते पाच गोळे असतात, मधे बारीक धाग्यांनी जोडलेले. केंद्रकाला ताठपणा देणारं लॅमिन ए हे प्रथिन तिच्यात फार थोडं असतं. नेदरलँड्समधल्या नायमेखेन इथं काटारीना वोल्फ आणि पीटर फ्रीडल यांनी २०१३ मध्ये तपासलं की वेगवेगळ्या पेशी किती लहान छिद्रातून जाऊ शकतात. छिद्राचं क्षेत्रफळ केंद्रकाच्या क्षेत्रफळाच्या सुमारे एक दशांशावर आलं की बहुतेक पेशी थांबतात. कर्करोगाच्या पेशी सात चौरस मायक्रोमीटरच्या आसपास थांबल्या, टी पेशी (ह्याही पांढऱ्याच) चारला. न्यूट्रोफिल दोनपर्यंत गेली.

केंद्रक मऊ असलं तरी आपोआप पुढं जात नाही. मागून मायोसिन आवळतं तेव्हा ते दाबलं जाऊन सरकतं. मिखाएल झिक्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये डेंड्रायटिक नावाच्या पांढऱ्या पेशींवर दाखवलं की मोकळ्या जाळ्यातून जायला आवळणं फारसं लागत नाही, अरुंद जागेतून केंद्रक पिळून काढायला मात्र लागतं. म्हणजे मोकळ्या रस्त्यावर जिची फारशी गरज भासत नाही, ती मोटर अरुंद दारात कामाला येते.

आता ते एकडोक्याचं मायोसिन. मातीतल्या अमीबात सापडलेल्या त्या कुळातलं एक प्रथिन पांढऱ्या पेशींत भरपूर असतं. त्याचं नाव मायोसिन १-एफ. २००६ मध्ये येल विद्यापीठात हे प्रथिन नसलेले उंदीर तयार केले गेले. त्यांच्या न्यूट्रोफिल नीट हलेनात आणि लिस्टेरिया जिवाणूंपुढं ते उंदीर लवकर हरत. मग २०१८ मध्ये म्युनिकच्या विद्यापीठात बार्बरा वालझोग यांच्या गटानं अशाच उंदरांच्या जिवंत शिरांमध्ये सूक्ष्मदर्शकातून पाहिलं. बिघाड नेमका कुठं आहे? पेशी भिंतीवर घरंगळत होत्या, ठीक. चिकटत होत्या, ठीक. काचेच्या सपाट पृष्ठावर ठेवल्या तर चालतही होत्या. भिंतीतून बाहेर मात्र फार थोड्या पडत होत्या, आणि चहूबाजूंनी वेढलेल्या दाट जागेत ठेवल्या की अडत होत्या. केंद्रक हवं तसं आकार बदलून पुढं येत नव्हतं. सपाट काचेवर चालणाऱ्या पेशी बघून हा दोष कधीच सापडला नसता. मला ह्या प्रयोगाचं फार मोल वाटतं, कारण पेशी काचेवर राहत नाही, अंगात राहते.

पोरांनो, पांढऱ्या पेशीतलं मायोसिन माणसानं १९७३च्या कितीतरी आधी पाहिलं होतं, फक्त आपण काय बघतोय ते माहीत नव्हतं. १९०९ मध्ये रिशार्ट माय ह्या जर्मन डॉक्टरांना एका रुग्णाच्या पांढऱ्या पेशींत फिकट निळे ठिपके दिसले. १९४५ मध्ये स्वित्झर्लंडच्या हेगलिन यांना एका कुटुंबात बाप आणि मुलांत तेच दिसलं, आणि सोबत रक्तातल्या बिंबिका, म्हणजे प्लेटलेट, मोजक्या पण आकारानं अवाढव्य. ठिपके कसले, हे २००० साली उलगडलं. ह्या लोकांत न्यूट्रोफिलच्या मागच्या अंगात काम करणाऱ्या त्याच मायोसिनच्या जनुकात दोष असतो, आणि बिघडलेलं मायोसिन गोळा होऊन पेशीत ठिपक्याच्या रूपात साठतं. आईकडून आणि वडिलांकडून मिळालेल्या जनुकांपैकी एक चांगलं असतं, त्यामुळे जंतुसंसर्गाचा फारसा त्रास बहुतेकांना होत नाही. पण काहींना पुढं ऐकू कमी येतं, काहींची मूत्रपिंडं बिघडतात. मोठमोठ्या बिंबिका मोजणीयंत्राला ओळखू येत नाहीत, म्हणून कधीकधी भलताच आजार समजून भलतेच उपचार होतात. रक्ताची काच नीट बघणारा माणूस अशा वेळी यंत्रापेक्षा जास्त उपयोगी पडतो.

पेशीत आणखी दोन मोटर आहेत, कायनेसिन आणि डायनिन. ह्या ॲक्टिनवर चालत नाहीत. त्यांची वाट म्हणजे सूक्ष्मनलिका, पेशीभर पसरलेल्या पोकळ काड्या. पांढरी पेशी जंतू गिळते तेव्हा तो एका पिशवीत बंद होतो, आणि ती पिशवी आत ओढून न्यायचं काम डायनिनचं. ह्या नलिका घडूच नयेत असं करणारं एक औषध डॉक्टर देतात, कोल्चिसिन. गाऊट ह्या आजारात अंगठ्याच्या सांध्यात युरिक आम्लाचे खडे साठतात, न्यूट्रोफिल तिथं झुंडीनं जातात आणि रात्रीतून अंगठा एवढा पेटतो की चादरीचा स्पर्श सहन होत नाही. कोल्चिसिननं त्यांचं चिकटणं आणि धावणं मंदावतं. हेच द्रव्य आपल्या कळलावीत असतं. पावसाळ्यात कोकणात, सह्याद्रीच्या उतारांवर लाल-पिवळ्या ज्वाळांची फुलं दिसतात ना, तीच वेल. फूल बघा, फोटो काढा, पण तिचा कंद कधीही तोंडात घालू नका आणि कुणाच्या सांगण्यावरून औषध म्हणून उगाळू नका. थोड्या मात्रेतही ती जीव घेऊ शकते.

एवढं करून न्यूट्रोफिल काट्यापाशी पोचते, जंतू गिळते आणि बहुधा तिथंच मरते. पू म्हणजे मुख्यतः ह्याच मेलेल्या पेशी. कधी पुवाला हिरवट छटा असते, ती त्यांच्यातल्या जंतू मारणाऱ्या मायलोपेरॉक्सिडेज ह्या प्रथिनाची. त्यातला लोहयुक्त भाग हिरवा असतो. नखुरडं झालं की ते दाबून फोडायचा मोह आवरा. आत चाललेली धावपळ त्यानं बाजूला ढकलली जाते, आणि जंतू खोल जाऊ शकतात. स्वच्छ ठेवा, शेका, आणि लाली वर चढायला लागली किंवा ताप आला तर डॉक्टरांकडे जा.

ज्यांना हे सगळं डोळ्यांनी बघायचंय, त्यांच्यासाठी एक सांगतो. अमेरिकेतल्या वँडरबिल्ट विद्यापीठात डेव्हिड रॉजर्स यांनी १९५०च्या दशकात सोळा मिलिमीटरच्या फिल्मवर एक लहानसं चित्रण केलं होतं. तांबड्या पेशींच्या गर्दीतून एक न्यूट्रोफिल स्टॅफिलोकॉकस जिवाणूचा पाठलाग करते. जिवाणू निसटतो, ती वळते, तांबड्या पेशींना रेटत पुन्हा त्याच्यामागं जाते, आणि शेवटी गाठते. इंटरनेटवर ते सहज सापडतं, मिनिटभराचं आहे. सगळे जण पुढच्या टोकाकडे बघतात, जिवाणू आता सापडेल, मग सापडेल म्हणून. तुम्ही दुसऱ्यांदा लावा आणि तिच्या मागच्या टोकाकडे बघा. ते मागं राहतं, ताणलं जातं आणि मग पुढं खेचलं जातं. ते खेचणं मायोसिनचं आहे.